करंगळीनं तपासलेली गाठ

रात्री तीनला जाग येते.
लेकरं केव्हाच मोठी झाली, भरतीला अजून वेळ आहे.
उठवतो तो उजवा हात.
अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिकेची अर्धी कड
वारुळात खुपसून ठेवल्यासारखी.
करंगळीला मात्र काही नाही,
ती जणू शेजारच्या घरची.

खिडकीशी उभी राहून मी हात झटकते,
थर्मामीटर झटकावा तसा.
खाली धक्का, दिवे, बांधलेल्या होड्या,
गालिसियाचा ओला, खारट काळोख.

चौतीस वर्षं जाळी सांधते मी.
बुटकं स्टूल, मांडीवर हिरवं नायलॉन,
दिवसाच्या गाठी कधी मोजल्या नाहीत.
मनगटानं मोजल्या असणार.

ऑगस्टात एलादियो जाळं घेऊन आला,
धक्क्यावर पसरलं
आणि काहीच बोलला नाही.
भोक माणूस जाईल एवढं.
तीन गाठी सुटलेल्या, तिन्ही माझ्या.
आवळल्याच नव्हत्या,
आणि हे बोटांनी मला सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात उशियानं तक्ता दाखवला:
खाली हाडं आठ, वरून आडवा पट्टा,
मधल्या बोगद्यात नऊ दोर
आणि त्यांच्या रेटारेटीत एक नस.
मी म्हटलं, बाई, एका कडीतून दहा कोण ओवतं?
ती हसली. म्हणाली, कापायचं नंतर बघू,
मला आधी सहा आठवडे द्या.

तर रात्रीची ही पट्टी.
आत पत्र्याची फळी, वर तीन वेल्क्रो,
मनगट ना वर, ना खाली.
इतकी सरळ मी लग्नातसुद्धा उभी नव्हते.
दातांनी बांधते, सकाळी फाडते,
त्या आवाजाला मांजर पलंगाखाली.

मग इंजेक्शन.
जन्मभर सुई हातात होती,
आता हात सुईखाली.
दोन रात्री ठणकला.
तिसऱ्या रात्री उजाडेपर्यंत झोपले
आणि दचकून उठले, हात चाचपत,
गेला कुठे म्हणून.
किती टिकेल? विचारलं.
काही महिने, म्हणाली. कधी जास्त. कधी परत येतं.
खोटं बोलली नाही, म्हणून तिचं पुढचंही ऐकलं.

मूठ. मूठ उघडा. बोटं सरळ.
मनगट मागे. अंगठा लांब.
आता तळहात आभाळाकडे.
इथे मी अडले.
हे तर मागणं झालं.
माझ्या आईनं मजुरी वाढवून मागताना
हात एप्रनच्या खिशात ठेवले होते.
मागू नका, दोसिंदा, उशिया म्हणाली,
नसेला सरकायला जागा करून द्या.
देते. दिवसातून तीनदा,
धक्क्यावर, सगळ्यांदेखत.

सुईच्या मुठीला सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळली,
चिमटीत कमी आवळावं लागतं.
आणि अंडी उकडायचं घड्याळ अर्ध्या तासाला लावते.
वाजलं की उठायचं, हात सैल सोडायचे.
पहिल्या आठवड्यात बाल्बिना खदखदून हसली.
चौथ्या आठवड्यात मी चावी द्यायला विसरले
तर तीच ओरडली, अगं, अंडी!
आणि साऱ्याजणी कंबर धरून उठल्या.

नोव्हेंबर लागला.
झोप येते. बटणं लागतात. कपबशी हातात राहते.
मधल्या बोटाचं टोक तेवढं अजून मेणाचं,
ते तसंच राहील कदाचित.
म्हणून गाठ मारली की
करंगळी अडकवून ओढून बघते.
चौतीस वर्षं नुसती बाजूला उभी होती,
आता ती सांगते,
आहे.
पुढची घे.

एलादियो जाळं उचलतो,
भोक होतं तिथे अंगठा फिरवतो एकदा
आणि या वेळीही
काही बोलत नाही.